कारागीर घडवण्याचा खर्च कोणाचा?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कोणत्याही कारखानदाराशी बोलायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘ऑर्डरी आहेत, माणूस नाही.’ ते खोटं नाही. मोल्डर, पॅटर्नमेकर, सीएनसीचा सेटर, चांगला वेल्डर, मेंटेनन्सचा फिटर यांची चणचण खरीच आहे. २०२० च्या टाळेबंदीत उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार गावी परतले, तेव्हा आपल्या भट्ट्या कोणाच्या हातांवर चालत होत्या हेही सगळ्यांना दिसलं. माझा वाद टंचाईशी नाही, तिची जी कारणमीमांसा सर्रास केली जाते तिच्याशी आहे. ती अशी : मराठी मुलांना अंगमेहनत नको, आयटीआयमध्ये कामाचं काही शिकवत नाहीत, आणि आम्ही शिकवावं तर पोरगा शिकून शेजारच्या कारखान्यात जातो. सबब तयार माणूस पुरवणं हे सरकारचं काम.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. २०२४ साली राज्यात पोलीस भरतीच्या सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. त्या भरतीसाठी मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो आणि त्यासाठी हजारो मुलं-मुली पहाटे अंधारात रस्त्यांवर सराव करतात. मेहनतीला घाबरणारी पिढी असं करत नाही. तिला हवी आहे ती कायमची नोकरी आणि वयानुसार वाढणारा पगार. फाउंड्रीत तिला काय दिसतं? वितळलेल्या लोखंडाची धग, वाळूची धूळ आणि बहुधा कंत्राटदाराच्या नावावरची हजेरी. त्या धुळीतून होणारा सिलिकोसिस १९४८ च्या कारखाना कायद्यातच सूचनीय आजारांच्या यादीत होता. पिग आयर्न महागलं तर आपण कुरकुर करत का होईना, जास्त पैसे मोजतो. हात महागले की मात्र ‘मुलं आळशी झाली’ असं म्हणतो. हा न्याय नाही.

आयटीआयबद्दलच्या तक्रारीत तथ्य आहे. निदेशकांची पदं रिकामी राहतात, यंत्रं जुनी असतात. पण त्या तक्रारीमागे एक गृहीतक दडलेलं आहे : संस्था नीट चालली तर तिथून तयार कारागीर बाहेर पडेल. तसं होत नाही, आणि जगात कुठेही झालेलं नाही. ग्रीन सॅण्ड मोल्डिंगच्या वाळूत पाणी साधारण तीन-चार टक्के लागतं. त्याहून जास्त झालं की कास्टिंगमध्ये ब्लोहोल येतात, कमी झालं की साचा ढासळतो. प्रयोगशाळेतलं यंत्र हा आकडा सांगतं. जुना मोल्डर मूठभर वाळू दाबून सांगतो. ही जाण वर्गात येत नाही. जिथे रोज शेकडो साचे पडतात, त्यातले काही बिघडतात आणि का बिघडले हे कोणीतरी बाजूला घेऊन दाखवतं, तिथेच ती येते. हात बसायला दोन-तीन वर्षं जातात. संस्था पाया घालील, रेखाचित्र वाचायला शिकवील, मापन शिकवील. कारागीर कारखान्यातच पुरा होतो.

आपल्या कायद्याने हे १९६१ सालीच ओळखलं होतं. शिकाऊ उमेदवारी अधिनियमानुसार आज ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, आणि राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून सरकार विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, उचलतं. पण उद्यमनगरातले कितीतरी मशिनशॉप तिसाच्या आत आहेत. त्यांना सक्ती नाही. आणि ज्यांना आहे त्यांतल्या मनापासून शिकवणाऱ्यात आणि उमेदवाराला झाडू देऊन आकडा भरणाऱ्यात हा कायदा फरक करत नाही. २०२५ मध्ये केंद्राने हजार आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर केली, त्यात उद्योगांचा वाटा १० हजार कोटींचा धरला आहे. तिचं स्वागतच आहे. तरी कारखान्यातल्या उस्तादाचा वेळ आणि उमेदवाराच्या हातून वाया जाणारा माल, हा प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च तीत येत नाही.

आता तिसरा मुद्दा. पोरगा शेजारी जातो हे खरं आहे, आणि संपूर्ण प्रश्नाचं मूळ इथे आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा शेतातून आलेल्या माणसांनाच त्यांनी यंत्रकाम शिकवलं. त्यांची दूरदृष्टी वादातीत आहे. पण आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती : आसपास दुसरा कारखाना नव्हता. शिकवलेला माणूस त्यांच्याकडेच राहण्याची शक्यता मोठी होती. कोल्हापुरात काही मैलांच्या परिघात शेकडो फाउंड्री आणि मशिनशॉप आहेत. हीच या गावाची ताकद : पॅटर्न एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, मशिनिंग तिसऱ्याकडे. आणि हेच प्रशिक्षणाच्या मुळावर येतं. जो शिकवतो त्याने दोन वर्षं खर्च करायचा आणि जो शिकवत नाही त्याने दोन हजार रुपये जास्त देऊन माणूस उचलायचा. अशा ठिकाणी न शिकवणं हाच प्रत्येकाच्या दृष्टीने शहाणपणाचा हिशेब ठरतो, आणि सगळ्यांनी तो केला की गावच कारागिरांविना राहतं.

यावर अर्थशास्त्रातलं एक वजनदार उत्तर आहे. गॅरी बेकर यांचं म्हणणं असं की, कुठेही चालणारं कौशल्य शिकवण्याचा खर्च मालक करणार नाही. शिकणाराच कमी पगारावर राहून तो सोसेल, कारण पुढचा फायदा त्याचा आहे. कागदावर हे बिनतोड आहे. पण गगनबावड्याहून आलेल्या, खोलीचं भाडं आणि खानावळ भागवून घरी पैसे पाठवण्याची अपेक्षा असलेल्या मुलाने दोन-तीन वर्षं अर्ध्या पगारावर कशी काढायची? तो तिसऱ्या महिन्यात चाकणला कंत्राटी कामावर जातो. त्याचाही हिशेब चुकीचा नसतो.

म्हणजे खर्च एकट्या मालकाने करणं परवडत नाही, एकट्या मुलाला झेपत नाही आणि सरकारच्या हाती जे शिकवणं आहे ते पुरेसं नाही. उरतो एकच मार्ग : सगळ्यांनी पगाराच्या प्रमाणात वर्गणी एका निधीत टाकायची आणि जो खरोखर शिकवील त्याने त्यातून खर्च परत घ्यायचा. न शिकवणाराही वर्गणी देतोच. म्हणजे शेजाऱ्याचा माणूस उचलणं आता फुकट राहत नाही. ब्राझीलमध्ये १९४२ पासून उद्योगांच्या पगारखर्चाच्या एक टक्का वर्गणीवर सेनाई ही प्रशिक्षणसंस्था चालते, आणि ती चालवते उद्योगांचीच संघटना.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. पुण्याजवळच्या मांजरी इथली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांनी स्वतःच्या वर्गणीतून उभी केली, आणि साखर उद्योगाची तांत्रिक माणसं तिथे घडतात. खुद्द शिरोलीत फाउंड्रीचालकांनी एकत्र येऊन क्लस्टर केलं, वापरलेली वाळू पुन्हा कामात आणण्याचा सामायिक प्रकल्प उभारला. वाळूसाठी एकत्र येता येतं तर माणसासाठीही येता येईल.

हिशेब करून पाहू. समजा, एका कारखान्यात १०० माणसं आहेत, सरासरी पगार १८ हजार. पगारबिल महिना १८ लाख, एक टक्का म्हणजे १८ हजार : एका माणसाचा पगार. असे १०० कारखाने एकत्र आले तर वर्षाला दोन कोटी सोळा लाख जमतात. महिना आठ हजार विद्यावेतन धरलं तर एवढ्यात सव्वादोनशे मुलांचं वर्षाचं विद्यावेतन निघतं. शिकवणाऱ्या उस्तादाला भत्ता द्यायचा असेल, आणि तो द्यायलाच हवा, तर मुलं थोडी कमी धरा.

विरोधक विचारतील : इंग्लंडचं काय झालं? प्रश्न रास्त आहे. तिथे १९६४ च्या कायद्याने उद्योगवार मंडळं नेमून वर्गणी लावली. छोटे कारखानदार कागदपत्रांना कंटाळले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक मंडळं गुंडाळली गेली. २०१७ मध्ये नव्याने लावलेल्या वर्गणीतला बराच पैसा आधीच नोकरीत असलेल्या वरिष्ठांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांकडे वळला. आपल्याकडेही बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने गोळा होणारा उपकर वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात पडून राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यावर ताशेरे ओढावे लागले. पण इंग्लंडात बांधकामाचं मंडळ टिकलं. माणूस सतत या कंत्राटदाराकडून त्या कंत्राटदाराकडे जातो, म्हणून शिकवण्याचा खर्च वाटून घेणं त्या धंद्यातल्या मालकांनाच पटलेलं होतं. कोल्हापूरची स्थिती नेमकी तशी आहे. या सगळ्या अनुभवातून वर्गणी नको असं निघत नाही. पैसा मुंबई-दिल्लीच्या तिजोरीत न जाता गावातच राहावा, तो हाताने करायच्या कामाच्या प्रशिक्षणापुरताच वापरता यावा, वीस माणसांच्या कारखान्याला एका पानाच्या अर्जावर परतावा मिळावा आणि मुलाची परीक्षा शिकवणाऱ्याने न घेता दुसऱ्या कारखान्यातल्या जाणकाराने घ्यावी, एवढं त्यातून निघतं. निधीच्या कारभारात कामगारांचा प्रतिनिधीही असावा, नाहीतर ‘शिकाऊ’ या नावाखाली स्वस्त मजूर भरण्याची वाट मोकळी होईल. ती वाट किती रुळलेली आहे हे चाकण आणि वाळूजच्या मुलांना विचारा.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर इथल्या उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे. सरकारकडे कुशल मनुष्यबळाची मागणी करणारं पुढचं निवेदन पाठवण्याआधी सदस्यांच्या सभेत एक टक्का वर्गणीचा ठराव मतदानाला टाका. सक्ती नको असेल तर तयार असलेल्या पंचवीस कारखान्यांपासून सुरुवात करा, आणि पहिल्या वर्षी मोल्डर, पॅटर्नमेकर व सीएनसी सेटर हे तीनच व्यवसाय घ्या.