टपालानें आलेली शाळा

गुरु समोर असल्यावांचून विद्या येत नाहीं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. दूरशिक्षणाचा विषय निघाला कीं एक पक्ष या समजुतीच्या आधारें तें त्याज्य ठरवितो. दुसरा पक्ष, यंत्रें आलीं, आतां गुरूची गरजच उरली नाहीं, असें म्हणतो. या दोन्ही पक्षांनीं अमेरिकेंतील सार्वजनिक हायस्कुलांचा इतिहास एकदां पाहावा, असें आम्हांस वाटतें.

१८९१ सालीं पेनसिल्व्हेनियांतील टॉमस फॉस्टर या वृत्तपत्राच्या संपादकानें कोळशाच्या खाणींतील कामगारांसाठीं टपालानें पाठ देण्यास आरंभ केला. त्यांतूनच पुढें स्क्रँटन शहरीं एक प्रचंड पत्रद्वारा शाळा उभी राहिली. पाठ छापील व पद्धतशीर असत. पण दिवसभर राबलेला मनुष्य रात्रीं दिव्यापाशीं एकटाच बसे, आणि त्यानें उत्तर धाडलें नाहीं तर जवळ येऊन विचारणारें कोणी नसे. अशा शाळांत नांव घालणारे पुष्कळ आणि अभ्यासक्रम पुरा करणारे थोडे, असा अनुभव येऊं लागला.

यावर तोड निघाली ती मिशिगन राज्यांतील बेंटन हार्बर या लहानशा गांवीं. हायस्कुलांतील मुलांना निरनिराळे धंदे शिकावयाचे, पण प्रत्येक धंद्यास स्वतंत्र शिक्षक नेमणें गांवास न परवडणारें, अशी तेथील शाळांचे अधीक्षक सिडनी मिचेल यांची अडचण होती. १९२३ सालीं त्यांनीं पाठ टपालानें मागविले. मात्र मुलांना घरीं न बसवितां त्यांनीं शाळेच्या वेळापत्रकांतच त्या अभ्यासास तास दिला व देखरेखीस एक शिक्षक ठेवला. हा शिक्षक विषय शिकवीत नसे. विद्यार्थी वेळेवर बसतो कीं नाहीं, कोठें अडतो, उत्तर रवाना झालें कीं नाहीं, एवढेंच तो पाही.

हीच दिशा १९२९ पासून नेब्रास्का विद्यापीठानें धरली. त्या विस्तीर्ण शेतीप्रधान राज्यांत कित्येक हायस्कुलें मोजक्या शिक्षकांवर चालत. एखाद्याच विद्यार्थ्याला हवा असलेला विषय आतां त्याला गांव न सोडतां मिळूं लागला. पाठ विद्यापीठाचे, देखरेख गांवची. पुढें साधनें बदलत गेलीं. १९९७ सालीं फ्लॉरिडा राज्यानें इंटरनेटवरून चालणारें सार्वजनिक हायस्कूल काढलें, तेव्हां टपालाच्या पिशवीचें काम संगणकानें घेतलें.

२०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां आपल्या महाराष्ट्रांतही पाठ घरोघर पोंचविण्याची धडपड झाली. एका मोबाइलभोंवतीं दोन-तीन भावंडें बसलेलीं आपण सर्वांनीं पाहिलीं. पाठ पोंचला म्हणजे शिक्षण झालें, असें त्या दिवसांत अनेकांनीं मानलें. पाठ उघडला कोणीं, अडलें कोण, मधेंच सोडलें कोणीं, हें विचारणारा मनुष्य मात्र पुष्कळ ठिकाणीं नव्हता. आणि बेंटन हार्बरनें शंभर वर्षांपूर्वीं पगार देऊन ठेवला होता तो नेमका हाच मनुष्य.

खेड्यांतील हायस्कुलांत गणिताचा वा विज्ञानाचा शिक्षक मिळत नसेल, तर तो विषय दुरून शिकविण्यास आमची हरकत नाहीं. नपेक्षां त्या मुलांस तो विषयच मिळणार नाहीं. परंतु अशा योजनेंत काटकसर करण्याची वेळ आली कीं पहिली कात्री देखरेख करणाऱ्याच्या पगारास लागण्याचें भय असतें. ती लागूं न देणें हें शाळाचालकांचें व आपणां पालकांचें कर्तव्य आहे.