मुंबईच्या इमारती आणि त्यांच्या छायाचित्रांची मालकी

मुंबईतील जुन्या इमारतींची छायाचित्रे दिनदर्शिकांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि दिवाळी अंकांच्या पानांतून आज इतक्या सहजपणे भेटतात की, ती कोणा एका माणसाने विवक्षित दिवशी, विवक्षित उजेडाची वाट पाहत, पदरचे पैसे आणि परिश्रम खर्चून घेतलेली आहेत, याचे भान सहसा राहत नाही. इमारतीचा आराखडा कोणी केला आणि तिला देणगी कोणी दिली, हे आपण आदराने सांगतो. तिची प्रतिमा टिपणाऱ्याचे नाव मात्र बहुधा गळालेले असते. ते नजरचुकीने गळाले असे मला वाटत नाही; त्याची बीजे या व्यवसायाच्या आरंभीच्या रिवाजातच आहेत.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था 1854 साली स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते, आणि त्यांपैकी नारायण दाजी स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. जॉन्सन आणि हेंडरसन या छायाचित्रकारांनी 1856 पासून जो चित्रसंग्रह क्रमशः प्रसिद्ध केला, त्यात छापलेली चित्रे नव्हती, तर प्रत्यक्ष छायाचित्रेच हातांनी चिकटवलेली होती. कारण शाईने छायाचित्र छापण्याची सोपी रीत तेव्हा उपलब्ध नव्हती. त्याच सुमारास कंपनी सरकारने प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी चित्रकाराच्या कुंचल्याऐवजी कॅमेरा वापरण्याची तजवीज केली आणि बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याची विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांत रवानगी केली. त्याने घेतलेल्या अहमदाबादच्या वास्तूंच्या छायाचित्रांचा भव्य ग्रंथ 1866 साली निघाला, तो मुंबईच्या प्रेमचंद रायचंद यांच्या आश्रयाने. ज्या धनिकाच्या देणगीतून 1878 साली राजाबाई टॉवर पूर्ण झाला, त्याच्याच पैशातून वास्तूंच्या प्रतिमाही जतन झाल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दगड आणि प्रतिमा या दोहोंना सारखाच आश्रय देणारे धनिक आपल्याकडे त्यानंतर फार झाले नाहीत.

त्या काळी इमारतीचे छायाचित्र घेणे म्हणजे काय दिव्य होते, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. काचेच्या पट्टीवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, तो अंगावर न सांडता चारही कोपऱ्यांपर्यंत समपातळीत पसरवायचा, मग ती पट्टी रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, थर सुकण्याच्या आत काळोख्या तंबूत परत आणून धुवायची. मुंबईच्या उन्हाळ्यात हा अवधी फारच थोडा उरे. उंच इमारत टिपताना कॅमेरा वर कलला की भिंती माथ्याकडे एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात, म्हणून कॅमेरा सपाट ठेवून केवळ भिंगाची पाटी वर सरकवावी लागे. पट्टीवर पुरेसा प्रकाश पडायला कित्येक सेकंद लागत, त्यामुळे चालती माणसे आणि धावत्या गाड्या पट्टीवर उमटतच नसत, आणि म्हणूनच त्या काळच्या चित्रांतील भर वस्तीचे रस्ते निर्मनुष्य भासतात. राजाबाई टॉवरची दर्शनी बाजू पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे आहे. तेव्हा तिच्यावरील कोरीव काम उठून दिसावे यासाठी छायाचित्रकाराला दुपार कलण्याची वाट पाहत थांबावे लागे. एवढे करून हाती येई ती एकच काच, आणि तिच्या कोपऱ्यात खरवडलेला एक क्रमांक.

या क्रमांकातच पुढच्या साऱ्या व्यवहाराचे मर्म आहे. सॅम्युअल बोर्न हा छायाचित्रकार 1863 साली हिंदुस्थानात आला आणि सात वर्षांनी परत गेला. परंतु त्याच्या काचा बोर्न अँड शेफर्ड या पेढीच्या मालकीच्या राहिल्या, आणि गिऱ्हाइकाने यादीतील क्रमांक सांगावा व पेढीने त्याची प्रत काढून द्यावी, असा व्यापार त्याच्या पश्चात कित्येक दशके चालला. पेढीने नेमलेल्या इतर छायाचित्रकारांची कामेही त्याच नाममुद्रेखाली विकली गेली. या पेढीच्या कलकत्त्यातील संग्रहाचा मोठा भाग 1991 सालच्या आगीत जळाला आणि 2016 साली पेढीच बंद झाली. राजा दीनदयाळ यांची गोष्ट थोडी निराळी: सरकारी बांधकाम खात्यातील या नोकराने मध्य हिंदुस्थानातील वास्तूंच्या छायाचित्रांवर कीर्ती मिळवली, हैदराबादच्या निजामाकडून किताब मिळवला, पुढे मुंबईतही आपला स्टुडिओ काढला, आणि आपले नाव मरणोत्तरही चित्रांना चिकटून राहील इतके मोठे केले. असे भाग्य मोजक्यांच्याच वाट्याला आले.

कायदाही त्या काळी काचेच्या मालकाकडे झुकलेला होता. इंग्लंडच्या 1911 च्या प्रताधिकार कायद्याला अनुसरून 1914 साली येथे जो कायदा लागू झाला, त्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे मूळ काचेचा मालक, आणि हक्काची मुदत काच तयार झाल्यापासून पन्नास वर्षे. 1957 च्या कायद्याने छायाचित्र घेणारा तोच कर्ता, असे प्रथमच स्पष्ट केले. मात्र मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा, हा जुना दंडक कायम ठेवला. छायाचित्रांसाठी असलेली वेगळी, आखूड मुदत 2012 साली रद्द झाली आणि इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे हक्क टिकू लागला. वास्तूचे छायाचित्र घेण्याने वास्तुशिल्पज्ञाच्या हक्काचा भंग होत नाही, हेही या कायद्यात नमूद आहे. तरीही 2017 साली कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलच्या इमारतीची प्रतिमा व्यापारचिन्ह म्हणून नोंदली गेली, तेव्हा इमारतीच्या प्रतिमेवर मालकी सांगणारा एक नवा हक्कदार या व्यवहारात अवतरला.

या साऱ्या तरतुदींत एक कलम मला सर्वांत न्याय्य वाटते. हक्क पूर्णतः विकून टाकला, तरी ही कृती माझी आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार 1957 पासून अबाधित आहे. बोर्नच्या पेढीतील त्या अनामिकांना हा आधार नव्हता. आजच्या छायाचित्रकाराला तो आहे, आणि तरीही स्मरणिका छापणाऱ्या संस्था आणि अनेक प्रकाशक केवळ ‘संग्रहातून’ एवढाच दाखला देऊन मोकळे होतात. त्यांनी नाव छापावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि शहराच्या वास्तू टिपून उपजीविका करणाऱ्या तरुणांनी आपला करारनामा लेखी आणि सहीनिशी करावा, प्रतिमा कशासाठी, किती मुदतीसाठी आणि कोणत्या मुलुखात वापरायची हे त्यात खुलासेवार लिहावे. कारण हक्काच्या हस्तांतरणाच्या दस्तऐवजात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि मुलूख लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत.