मिशनरी कुटुंबजीवन (अमेरिकन मराठी मिशन)

‘अमेरिकन बोर्ड’ या ख्रिस्ती संस्थेने मुंबई इलाख्यात चालवलेल्या अमेरिकन मराठी मिशनमधील परदेशी कुटुंबांची, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची राहणी. मुंबई, अहमदनगर, सातारा, सोलापूर, वाई, शिरूर, राहुरी आणि नेवासे तालुक्यातील वडाळा ही या मिशनची प्रमुख ठाणी. मिशनच्या शाळा, दवाखाने, छापखाना आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक (१८४२) यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. ही कामे ज्या घरांतून चालत, त्या घरांविषयी मराठीत फारसे लेखन नाही. प्रस्तुत नोंद त्या घरांपुरती मर्यादित आहे.

बोर्डाची स्थापना १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात झाली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. नॉट यांची पत्नी रॉक्झाना त्यांच्याबरोबर होती. याच तुकडीतील हॅरिएट न्यूवेल ही तरुणी मुंबईला पोहोचलीच नाही. कंपनी सरकारने कलकत्त्याहून घालवून दिल्यावर ती पतीबरोबर मॉरिशसला गेली आणि १८१२ च्या अखेरीस तिथेच वारली. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू असल्याने मुंबईतही हॉल व नॉट यांच्यामागे हद्दपारीचा हुकूम लागला होता. गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्या सहानुभूतीमुळे ते कसेबसे राहिले. प्रकृती ढासळल्याने नॉट दांपत्य १८१५ मध्ये परतले. हॉल यांनी मुंबईतच लग्न केले. १८२५ मध्ये पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला गेली आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना हॉल पटकीने वारले. पत्रोत्तरास वर्ष लागण्याचा तो काळ होता, त्यामुळे ही बातमी घरी पोहोचायलाही महिनेच्या महिने लागले असणार. मृत्यू, परतणे आणि ताटातूट ही या घरांची पुढच्या पन्नास वर्षांची कथा पहिल्या तेरा वर्षांतच घडून गेली होती.

अहमदनगरचे ठाणे १८३१ मध्ये सुरू झाले. तिथे आलेल्या विल्यम हार्वी यांची पत्नी त्याच वर्षी मुंबईत वारली आणि पुढच्या वर्षी पटकीने खुद्द हार्वी गेले. तान्ह्या मुलांच्या मृत्यूंची तर मोजदाद करणे अवघड. मिशनच्या वार्षिक वृत्तांतात असे मृत्यू एकेका ओळीत उरकलेले दिसतात. एवढे होऊनही बोर्ड विवाहित माणसेच पसंत करी. एकटा परदेशी पुरुष म्हणजे लोकांच्या संशयाला कारण, आणि ख्रिस्ती संसार कसा असतो हे दाखवायलाही कुटुंब हवे, असा त्यामागचा हिशेब होता. पगार हुद्द्यावरून ठरत नसे. अविवाहिताला कमी, विवाहिताला जास्त आणि मुलांसाठी वेगळा भत्ता अशी रीत होती. मुंबईतल्या इंग्रज अधिकाऱ्यापुढे हा पगार किरकोळ असला, तरी मिशनच्या शाळेतल्या मराठी पंतोजीच्या मानाने तो डोळ्यांत भरण्याजोगा होता.

घर म्हणजे जाड भिंतींचा, उंच छताचा, चहूबाजूंनी ओसरी असलेला बंगला. त्याभोवतीच्या आवाराला ‘मिशन कंपाउंड’ म्हणत आणि अहमदनगरच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत तोच शब्द रूढ झाला. घरमालकाला ‘साहेब’, बायकोला ‘मडमसाहेब’ आणि शाळेतल्या अविवाहित शिक्षिकेला ‘मिसबाई’ म्हणत. बंगल्याची ओसरी ही खरी कचेरी. सकाळी तिथे औषध मागणारे, फी माफ करून घेणारे, भांडण तोडून घ्यायला आलेले आणि निव्वळ साहेबाचे घर पाहायला आलेले असे सगळे जमत. कोणी ओसरीवर थांबायचे, कोणाला दिवाणखान्यात खुर्ची मिळायची, याचे संकेत ठरून गेलेले होते आणि ते सर्वांना न सांगता कळत.

आत संसार चालवायचा तर माणसे लागत. स्वयंपाकी बहुधा मुसलमान किंवा गोव्याकडचा ख्रिस्ती असे; पाणी पखालीतून भिस्ती आणी; धोबी, माळी, घोडेवाला, झाडूवाला आणि मुलांसाठी आया असा गोतावळा असे. जातिभेदाविरुद्ध उपदेश करणाऱ्या घरात कामांची वाटणी मात्र जातीप्रमाणेच झालेली असे, कारण एकाचे काम दुसरा करीत नसे. नव्याने आलेल्या मडमेला हे पहिल्या महिन्यात खटके आणि वर्षभरात अंगवळणी पडे. साध्या राहणीची शपथ घेऊन आलेल्या न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरातील मुलीला सात-आठ नोकरांची धनीण होणे अवघड वाटे. घरी पाठवलेल्या पत्रांतून याचे समर्थन वारंवार येते. बोर्डाचे वर्गणीदार ही पत्रे वाचत असल्याने समर्थन करणे भागही होते.

स्वयंपाकघरात जाळीचे कपाट असे आणि त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे केलेले असत, मुंग्या चढू नयेत म्हणून. वाटीतले पाणी रोज बघावे लागे. एक दिवस विसरले की साखरेत मुंग्या. पाणी उकळून गाळायचे, दूध डोळ्यांदेखत तापवून घ्यायचे, हे नियम पटकीच्या धास्तीने आले आणि जंतूंचे शास्त्र कळल्यावर अधिक कडक झाले. दुपारच्या जेवणात भात आणि कढीवजा रस्सा लवकरच आला. पावाची मात्र ओढ सुटली नाही. मुंबईकडे पाव ताडीने फुगवण्याची रीत होती, तेव्हा दारूबंदीचा हिरिरीने प्रचार करणाऱ्या या घरांच्या न्याहारीतही ताडीचा अंश उतरत असणार. वृत्तांतांत अर्थातच त्याचा उल्लेख सापडायचा नाही.

भाषेसाठी घरी पंडित येत. पहिली दोन वर्षे सकाळचे तास त्यांच्याबरोबर जात आणि मग परीक्षा होई. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आल्यावर अभ्यास सुकर झाला. पंडित बहुधा ब्राह्मण असत. ते शिकवत ते ग्रंथांतले मराठी. पण उपदेश ऐकायला येणारा बहुतांश समाज महार-मांग वस्त्यांतला होता आणि त्याची बोली पुस्तकात नव्हती. ही बोली घरात आधी कोणाला येई, तर मुलांना. आयेच्या कडेवर वाढलेली मुले इंग्रजीच्या आधी मराठी बोलू लागत, आईला न समजणाऱ्या शिव्याही शिकत, आणि पाहुण्यांसमोर दुभाष्याचे काम हौसेने करीत. काही घरांत मुलांनी नोकरांच्या घरी जाऊ नये असा दंडक होता. तो काटेकोर पाळला गेला असेल असे वाटत नाही.

मिशनरीची पत्नी बोर्डाच्या दप्तरात ‘सहायक मिशनरी’ म्हणून नोंदली जाई. तिला वेगळा पगार नव्हता, पण काम पूर्ण वेळ होते. मुलींची शाळा, शिवणाचा वर्ग, घरोघरी जाऊन स्त्रियांना वाचायला शिकवणे, बायबलबायांवर (घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या मराठी ख्रिस्ती स्त्रियांवर) देखरेख आणि वसतिगृहाच्या कोठीचा हिशेब तिच्याकडे असे. या कामाचा व्याप ओळखून बोर्डाने अविवाहित स्त्रिया पाठवायला सुरुवात केली. सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात सर्वपरिचित आहे. संसार नसल्यामुळेच त्यांना हे सलग काम जमले, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही.

वर्षाचे वेळापत्रक हवामानावर चाले. पावसाळा सरून थंडी पडली की दौरे सुरू होत. छकड्यांत राहुट्या, खाटा, कंदील, पुस्तकांच्या पेट्या, औषधांची पेटी आणि स्वयंपाकाची भांडी घालून सबंध कुटुंब निघे. गावाबाहेरच्या आमराईत मुक्काम पडे. संध्याकाळी साहेब चावडीपुढे बोलत आणि मडमसाहेबांच्या राहुटीभोवती बायकांचा घोळका जमे. त्यांचे प्रश्न बहुतेक संसाराचे असत: मुले किती, कुंकू का नाही, बांगड्या का नाहीत, केस असे का बांधले. अमेरिकन बाई याला उपदेशाची संधी मानी. गावच्या बायकांना ती करमणूक होती. पुढे जादूचा कंदील आला आणि ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली, तेव्हा रात्रीची गर्दी आणखी वाढली.

उन्हाळ्यात महाबळेश्वर. सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास ते वसवल्यानंतर मिशनचे लोक तिथे जाऊ लागले. अॅलन ग्रेव्ह्ज तर प्रकृतीसाठी तिथेच राहिले आणि १८४३ मध्ये तिथेच वारले. वेगवेगळ्या ठाण्यांवरची घरे इथे भेटत, मुलांना वर्षातून एकदा आपल्या भाषेचे सवंगडी मिळत आणि अनेक लग्ने इथल्या ओळखींतून ठरली असावीत. कारण लग्नांचे जाळे पाहिले की मिशन हा एक मोठा गोतच वाटू लागतो. हेन्री बॅलंटाइन १८३५ मध्ये अहमदनगरला आले. त्यांची कन्या मेरी ही वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँक यांची पत्नी झाली. रॉबर्ट अॅलन ह्यूम यांची पहिली पत्नी अॅबी ही एबेनेझर बर्जेस यांची मुलगी. बर्जेस यांनी ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर केले (१८६०). ह्यूम यांची दुसरी पत्नी केटी ही फेअरबँक यांची मुलगी. फेअरबँक पक्षी आणि गोगलगायी गोळा करीत. कोडाईकनाल ज्या पलनी डोंगरात आहे, तिथल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात १८६९ पासून त्यांचे नाव आहे.

या जीवनातील सर्वांत कठीण भाग मुलांच्या शिक्षणाचा. एकोणिसाव्या शतकात शाळेच्या वयाची मुले अमेरिकेत नातेवाइकांकडे पाठवणे हाच मार्ग होता आणि गलबताचा प्रवास चार-चार महिन्यांचा असल्याने भेट वर्षानुवर्षे होत नसे. काही मातांनी मुलांसाठी नवऱ्याला सोडून मायदेश गाठला, काहींनी मुले पाठवून स्वतः मागे राहणे पत्करले. दोन्हींची किंमत सारखीच होती असे म्हणवत नाही: परतलेल्या मुलाला आईवडील ओळखता येत नसत, हे दुःख मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला आले. मिशनरींच्या मुलांसाठी बॉस्टनजवळ ऑबर्नडेल येथे एलायझा वॉकर या मिशनरी विधवेने १८६८ मध्ये वसतिगृह काढले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्गाने अहमदनगर जोडले गेले आणि अंतर आटले. १९०१ मध्ये कोडाईकनालला मिशनरींच्या मुलांची शाळा निघाल्यावर मुले निदान देशात राहू लागली. तरी वर्षातले बहुतेक महिने ती आईवडिलांपासून दूरच असत.

एवढे सोसूनही मुले परत येत, हे आश्चर्य आहे. थोरले रॉबर्ट ह्यूम १८३९ मध्ये मुंबईस आले, आजारी पडून १८५४ मध्ये परतताना जहाजावर वारले आणि पत्नी हॅना यांनी मुलांना अमेरिकेत वाढवले. त्यांतले मुंबईत जन्मलेले रॉबर्ट अॅलन १८७४ मध्ये अहमदनगरला आले आणि पन्नासएक वर्षे राहिले. धाकटे एडवर्ड भायखळ्याला शाळा चालवीत. तिसऱ्या पिढीतल्या रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी तेरा प्रमुख उपनिषदे इंग्रजीत आणली (१९२१), तर एडवर्ड हिक्स ह्यूम चीनमध्ये चांगशा येथे डॉक्टर झाले. याच मिशनमधल्या अॅबट घराण्यातील जस्टिन अॅबट यांनी निवृत्तीनंतर मराठी संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरमाला काढली. मिशनरी बापाने ज्या परंपरेविरुद्ध उपदेश केला तिच्या भाषांतरात मुलाने म्हातारपण घालवले, यात मला तरी त्या अंगणातल्या मराठी बालपणाचा हात दिसतो.

दुष्काळाच्या वर्षांत (१८९६-९७ आणि १८९९-१९००) बंगल्यांचे रूप पालटले. अनाथ मुले आवारात राहू लागली आणि घरातली शिस्त, जेवणाच्या वेळा, खाजगीपणा सगळे विस्कटले. रॉबर्ट अॅलन ह्यूम यांना या काळातील मदतकार्याबद्दल कैसर-इ-हिंद पदक मिळाले. पदक एकाच्या नावावर असले तरी धान्य मोजणे, खरूज धुणे आणि रात्री रडणाऱ्या पोरांजवळ बसणे घरातल्या स्त्रिया आणि मराठी ख्रिस्ती बाया करीत होत्या.

याच मराठी ख्रिस्ती समाजाला बंगल्याचा दिमाख बोचू लागला होता. साहेबाचा पगार आणि देशी पाळकाचा पगार यांत अंतर होते, बैठकीत शब्द साहेबाचा चाले. कवी नारायण वामन टिळक मिशनच्या नोकरीत बरीच वर्षे राहिले आणि १९१७ मध्ये पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. ख्रिस्ताला विलायती पोशाखातून बाहेर काढण्याची त्यांची ओढ मिशनच्या राहणीवरची टीकाही होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात (१९३४ पासून प्रसिद्ध) साहेब-मडमांची घरे शेजारणीच्या नजरेने दिसतात. त्यात राग नाही, आदर आहे, आणि मिश्कीलपणाही आहे. या घरांविषयी मराठीत याहून चांगला साक्षीदार नाही.

विसाव्या शतकात राहणी बदलली. मोटार आली, राहुट्या कमी झाल्या. काही कुटुंबांनी आवारे सोडून शहरी वस्तीत काम धरले. क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले, नागपाड्याच्या दाट वस्तीत नेबरहुड हाउस चालवले आणि १९३६ मध्ये टाटा समाजकार्य शाळेचे पहिले संचालक झाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी कुटुंबांची संख्या घटत गेली, संस्था भारतीय मंडळींकडे आल्या आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या स्थापनेबरोबर मिशनच्या मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. बोर्डाचे दप्तर, या कुटुंबांच्या असंख्य पत्रांसह, हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे.