पनामाचा कालवा आणि तारेची जाळी

पनामाच्या कालव्याचा इतिहास सांगताना दोन नावे हटकून येतात : आरोग्याधिकारी गॉर्गस आणि इंजिनियर गोथल्स. ती यावयासच हवीत. परंतु ज्यांच्या फावड्यांनी तो कालवा खणला गेला, त्या बार्बाडोस-जमैकाच्या मजुरांच्या बाजूने पाहिले की हकीकत जरा निराळी दिसते. आम्ही ती त्या बाजूने सांगणार आहोत.

१८८१ साली फ्रेंच कंपनीने काम आरंभले. ताप दूषित हवेने येतो अशी तेव्हा भल्याभल्या डॉक्टरांची समजूत होती. आंकोनच्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत. बागेतील झाडांभोवतीही पाणी खेळवीत. खिडक्यांना जाळी नाही. म्हणजे रोग्याच्या उशापायथ्याशीच डासांची पैदास! १८८९ मध्ये कंपनी बुडाली तोवर सुमारे २२,००० माणसे दगावली असा अंदाज आहे. अंदाजच म्हणावयाचा, कारण इस्पितळापर्यंत न पोचलेल्या मजुराची नोंद कोण ठेवतो?

अमेरिकनांनी १९०४ साली काम हाती घेतले तेव्हा अज्ञानाची सबब उरली नव्हती. आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्येच हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात दाखविला होता, आणि खुद्द गॉर्गस यांनी हवानातून पीतज्वर हुसकून लावला होता. तरीही कालव्याच्या वरिष्ठांना डासांमागे पैसा घालविणे वेडेपणाचे वाटे. १९०५ मध्ये पीतज्वर कचेरीत शिरला, गोरे कारकून मिळेल त्या बोटीने पळू लागले, आणि मग तिजोरी उघडली. नवे मुख्य इंजिनियर स्टीव्हन्स यांनी गॉर्गसना हवी तेवढी माणसे व सामान दिले. घरोघर गंधकाची धुरी झाली, पाण्याची पिंपे झाकली, शहरांना नळ आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पनामा शहरातला पीतज्वर संपला.

हिवताप मात्र चिवट. तो कामाच्या जागेवरच जन्मतो. खणलेल्या मातीचा ढीग ओढ्याची वाट अडवितो, चाकाच्या चाकोरीत पाणी साचते, की झाले डबके तयार. मुंबईत आज इमारतीच्या तळघरात आणि लिफ्टच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याची हीच कथा आहे, आणि कामकरी त्याच इमारतीत निजतो. पनामात वस्तीभोवतीचे गवत कापले, चर खणून पाणी काढून दिले, जिथे निघेना तिथे पाठीवर डबा घेतलेल्या माणसाकडून तेल शिंपविले, क्विनाइन फुकट वाटले. १९०६ साली २६,००० कामगारांपैकी २१,००० जण हिवतापाने इस्पितळात गेले होते. १९१२ साली ५०,००० कामगारांत ही संख्या सुमारे ५,६०० वर आली. हे यश लहान नव्हे.

पण जाळी कोणाला मिळाली? कालव्यावर पगाराच्या दोन याद्या होत्या. गोऱ्या अमेरिकनांची 'सोन्याची', काळ्या मजुरांची 'चांदीची'. टपालाच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या. सोन्याच्या यादीवरील कुटुंबांना तांब्याच्या तारेची जाळी लावलेली घरे बिनभाड्याने मिळाली. चांदीवाल्याला तासाला दहा सेंट मजुरी, दिवसाचे दहा तास काम आणि एकावर एक तीन फळ्यांची बराक. बहुतेकांच्या वाट्याला तारेची जाळी आलीच नाही, आणि बराक सोडून झोपडीत राहणाऱ्याला तर तिचा प्रश्नच नव्हता. १९०६ च्या पहिल्या दहा महिन्यांत गोऱ्या नोकरांत मृत्यूचे प्रमाण हजारी १७ होते, काळ्या मजुरांत हजारी ५९. यात न्युमोनियाचा वाटा मोठा होता हे खरे. परंतु ओल्या कपड्यांनी दाटीत निजणे हीदेखील त्याच यादीची देणगी.

१९१४ साली कालवा खुला झाला. अमेरिकन अमदानीत रोग व अपघात मिळून ५,६०९ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ४,५०० काळ्या कामगारांचे होते.