घंटा वसईची, नाद मेणवलीचा

फोनची घंटा आपल्या पसंतीची असावी ही हौस नव्या पोरांनी काढली, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा वाईजवळच्या मेणवलीला जाऊन यावे. कृष्णेच्या घाटावर, देवळाशेजारी, एक दांडगी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे! १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. तिथल्या पोर्तुगीज घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या, त्यांतली ही नाना फडणीसांच्या मेणवलीत आली. थोडक्यात, चर्चचा आवाज उचलून देवळात बसवला. ‘फाइल ट्रान्सफर’ हा शब्द तेवढा यायचा होता.

हीच कृष्णा पुढे सांगलीला जाते. शेजारच्या मिरजेत पिढ्यानपिढ्या भोपळ्याचे तंबोरे बनतात. तंबोरा काही तयार सुरात मिळत नाही. ज्याच्या-त्याच्या गळ्याप्रमाणे तो लावून घ्यावा लागतो. सांगायचे काय, तर दुसऱ्याच्या सुरावर समाधान मानणे आमच्या भागाच्या रक्तात नाही.

अशा मुलखात नोकियाची ती प्रसिद्ध धून घुसली. ती मूळची फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवाद्याच्या १९०२ सालच्या रचनेतली. बिचारा १९०९ साली वारला. पुढे आपला तुकडा साताऱ्याच्या एस. टी. स्टँडवर वाजेल आणि वीस माणसे एकदम खिसे चाचपतील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

स्मार्टफोन आले तरी खिसे चाचपणे सुटेना. शेवटी आमचा भाचा म्हणाला, “मामा, फोन केबलनं माझ्या कॉम्प्युटरला जोडा. फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. ‘रिंगटोन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये हवा तो तुकडा टाका आणि सेटिंगमध्ये जाऊन निवडा. झालं!”

“पैसे किती?”

“फुकट. लिनक्स आहे, मामा.”

हे लिनक्स १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केले. अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच गाभा आहे म्हणे. सगोत्र असूनही जमलेली अशी सोयरीक मी दुसरी पाहिली नाही.

तुकडा कुठला घ्यायचा, हे मात्र ठरलेलेच होते. सांगलीच्या आत्याची एक जुनी कॅसेट घरात होती. जात्यावरच्या ओव्या म्हणताना कुणीतरी तिला टेप केले होते. आत्याला जाऊन आता बरीच वर्षे झाली. भाच्याने टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला लावली, ऑडासिटी नावाच्या फुकटच्याच प्रोग्रॅमवर आवाज उतरवून घेतला आणि बारा सेकंद कापून दिले. मागे जात्याची घरघर तशीच ठेवली. मग ते बारा सेकंद आतेभावाच्या नंबरला लावून दिले.

आता सांगलीहून फोन आला की साताऱ्यात आत्या दळायला बसते. बायको हातातले काम थांबवते. मी फोनकडे पाहत राहतो; ओवी मध्येच तोडायला हात होत नाही.

आतेभावाची तक्रार आहे, “दादा, तुम्ही हल्ली फोन फार उशिरा उचलता.”