दिनविशेष : २२ एप्रिल
१९७० : अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा होत असतानाच सॅन दिएगोच्या बॅरिओ लोगन वस्तीत, कोरोनाडो पुलाखाली बुलडोझर उतरले. मेक्सिकन वंशाच्या, म्हणजे ‘चिकानो’ रहिवाशांना तिथे बाग कबूल झाली होती. काम निघाले महामार्ग पोलिसांच्या ठाण्याचे! विद्यार्थी, बायाबापड्या, मुलेबाळे जागेवरच ठाण मांडून बसली, १२ दिवस हलली नाहीत. ‘चिकानो पार्क’ उभे राहिले ते असे. १९७३पासून पुलाच्या रुक्ष खांबांवर अ‍ॅझ्टेक देवता, शेतमजूर, क्रांतिकारक रंगू लागले. याच चळवळीतल्या चित्रकार-कवींनी बाल्बोआ पार्कातल्या पाण्याच्या जुन्या टाकीत ‘सेंत्रो कुल्तुराल दे ला रासा’ हे चिकानो आणि आदिवासी कलांचे केंद्र थाटले. सरकारी कौतुक अर्थातच उशिरा आले : चिकानो पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा २०१६मध्ये मिळाला.