हिंगोलीच्या मुलुखातील सजीवांचे दप्तर

कयाधूच्या तीरावरील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि तेथील कीर्तन-प्रवचने ऐकत वाढलेल्या कुणब्याला, शाळेची पायरी न चढताही, सजीवांचे एक वर्गीकरण मुखोद्गत असे: गर्भातून जन्मणारे जारज, अंड्यातून निघणारे अंडज, घामाओलीतून उपजणारे स्वेदज आणि भूमी भेदून वर येणारे उद्भिज, अशा चार खाणी. यांतील स्वेदजांची खाण रेडीच्या १६६८ च्या आणि पाश्चरच्या १८६० च्या सुमाराच्या प्रयोगांनी बुजली. तथापि जीव दिसतो कसा यापेक्षा तो येतो कोठून, हे या पद्धतीने आधी विचारले, हे तिचे श्रेय मला लहान वाटत नाही.

लिनीयसने मात्र बाह्य रूपास प्रमाण मानले. १७३५ साली त्याने सारे सजीव वनस्पती व प्राणी अशा दोन सदरांत घातले, आणि १७५३ च्या ग्रंथात, वसमतच्या बाजारपेठेचा आज जो प्राण आहे, त्या हळदीस ‘कुरकुमा लोंगा’ या नावाने दाखल केले. पुढे दाखले वाढले तशी सदरे अपुरी पडली. हेकेलने १८६६ साली सूक्ष्मजीवांसाठी तिसरे उघडले, व्हिटेकरने १९६९ साली पाच सृष्टी मांडल्या, आणि तरीही हळदीचे गड्डे कुजवणारे पिथियम, ज्याला शेतकरी आजही बुरशीच म्हणतो, कालांतराने कवकांतून खारीज होऊन तपकिरी शैवालांच्या भाऊबंदांत गेले.

खरी उलथापालथ १९७७ ची. इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स यांनी पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमातील आरएनए ताडून पाहिले, तेव्हा मिथेन निर्माण करणारे काही सूक्ष्मजीव, रूपाने जिवाणू असूनही, वंशाने त्यांना इतर सजीवांहून जवळचे नाहीत, असे आढळले. आणि १९९० साली वोझ, कांडलर व व्हीलिस यांनी जिवाणू, ते मिथेन करणारे सूक्ष्मजीव ज्यांत येतात ते आर्किया, व पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले दृश्यकेंद्रकी ही तीन अधिक्षेत्रे सर्व सृष्टींच्या वर स्थापिली, ज्यांपैकी शेवटच्या एकट्यात हळद, तिची कीड, बैल आणि माणूस सामावले. आर्किया काही परके नव्हेत. रवंथ करणाऱ्या त्या बैलाच्या पोटात आणि गोबरगॅसच्या टाकीत मिथेन करणारे तेच.

 शिवाय पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडातील लोणार सरोवराचे खारे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क चालले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीअंती तो रंग लवणप्रिय आर्कियांचा ठरवला.

तीन अधिक्षेत्रांचा हा बंदोबस्तही कायमचा दिसत नाही. २०१५ साली आर्क्टिक समुद्रतळाच्या गाळातून उजेडात आलेल्या लोकी आर्कियांमुळे, दृश्यकेंद्रकी हे आर्कियांच्याच एका शाखेतून निघाले असे मानणारा पक्ष बळावला आहे. मला तोच अधिक सयुक्तिक वाटतो. आणि तो ठरला, तर अधिक्षेत्रे दोनच उरून माणूस व त्याचा बैल आर्कियांच्या पोटविभागात दाखल होतील.